नकलेत सुटलेल्या ओळी

बायकोची फाइल चार बोटं जाड झाली, तोवर तिच्यात माझ्या नावाचा एकही कागद नव्हता.

लग्न २०१३ चं. पहिली दोन वर्षं कुणी काही बोललं नाही, मग सगळेच बोलायला लागले. २०१५ पासून तालुक्यातल्याच एका दवाखान्यात हिच्या तपासण्या सुरू झाल्या. थायरॉइड, साखर, अंडं फुटण्याच्या गोळ्या, महिन्यातले ठरावीक दिवस सोनोग्राफी, गर्भनळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्या एक्स-रेच्या दिवशी ती रिक्षात पोट धरून दुमडून बसली होती आणि मी रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगत होतो. एवढीच माझी त्यातली कामगिरी. दर खेपेला उत्तर एकच: सगळं नॉर्मल आहे, राहील.

दवाखान्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१६ मध्ये डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत माझी वीर्यतपासणी लिहिली होती. मी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुण्यात टाकला. मुद्दाम टाकला का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं नाही, मी आठवण करून दिली नाही. तीनशे रुपयांची ती तपासणी व्हायला आणखी अडीच वर्षं गेली. तेवढ्या काळात हिला भूल देऊन, पोटाला तीन भोकं पाडून दुर्बिणीनं आत बघूनही झालं.

मध्ये त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी केला. तीन दिवस, नवं धोतर, नवी साडी. आईच्या मनासारखं झालं. गुरुजींनी निदान आम्हा दोघांना शेजारी बसवलं. दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर असायचो.

२०१९ च्या फेब्रुवारीत सांगलीच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी फाइल पुढून मागे आणि मागून पुढे चाळली आणि विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?" हिनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

सॅम्पल द्यायची खोली म्हणजे जिन्याखालचं न्हाणीघर. कडी अर्धीच लागायची. भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर, बाहेर लघवीच्या बाटलीवरून कुणाची तरी तंडातंडी. संध्याकाळी रिपोर्ट आला. आकारमान अडीच मिलिलिटर, ठीक. रंग ठीक. शुक्राणू: निल. शेजारी छापलेलं होतं की मिलिलिटरमागे दीड कोटी ही किमान पातळी. मी तो आकडा दोनदा मोजला, शून्यं मोजतात तसा.

तोवर माझी समजूत अशी होती की वीर्य आहे म्हणजे सगळं आहे. त्या डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढून दाखवलं. वीर्यातलं जवळजवळ सगळं पाणी प्रोस्टेट आणि शेजारच्या ग्रंथींचं असतं, शुक्राणूंचा वाटा अगदी नाममात्र. त्यामुळे शुक्राणू असोत-नसोत, डोळ्यांना फरक दिसत नाही. दाढीमिशी, आवाज, संसार सगळं जागच्या जागी असून हे होऊ शकतं. तीन आठवड्यांनी दुसरं सॅम्पल दिलं. या वेळी ते यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेला गाळ तपासला, कारण कधी कधी तिथे चार-दोन सापडतात. गाळातही निल.

इथे आणखी एक माती खाल्ली. ओळखीतल्या एका डॉक्टरनं 'ताकद कमी पडतेय' म्हणून दर पंधरा दिवसांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. पाच घेतली. पुढे पुण्याला ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी हे ऐकलं तेव्हा पेन खाली ठेवलं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, आणि तो वृषणांना काम बंद करायला सांगतो. म्हणजे जे काही थोडंफार असेल तेही थांबतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा सगळं बंद करून सहा महिने थांबा म्हणाले. माझ्यासारख्या किती जणांना ही 'ताकद' दिली जाते कोण जाणे.

पुण्याच्या डॉक्टरांकडे एक माळ होती. जपमाळेपेक्षा मोठी, अंड्याच्या आकाराचे बारा मणी, सगळ्यात छोटा एक मिलिलिटरचा आणि मोठा पंचवीसचा. एका हातानं माझं वृषण तपासत दुसऱ्या हातानं ते मणी चाचपत होते. "आठ," ते म्हणाले आणि लिहिलं. मोठ्या माणसाचं माप साधारण पंधराच्या पुढे हवं. मग चिमटीत धरून वीर्यवाहिन्या बघितल्या. दोन्ही बाजूंना होत्या. काही पुरुषांना त्या जन्मतःच नसतात. कारखाना चालू, पण रस्ताच नाही. त्यांच्यात बहुतेकदा सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष निघतो, आणि मग बायकोचीही तीच तपासणी करावी लागते, कारण दोघांकडे दोष असला तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसाचा आजार होण्याची शक्यता येते. माझं तसं नव्हतं. माझा एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, १९ आला होता, बराच जास्त. डॉक्टरांच्या शब्दांत, खालून उत्तर येत नाही म्हणून मेंदू वरून ओरडतोय. म्हणजे अडचण रस्त्याची नाही, कारखान्याची.

"कारण जन्माचंच असू शकतं. गुणसूत्रं बघू," ते म्हणाले. एकाच सुईनं दोन नळ्या भरल्या, एक हिरव्या बुचाची, एक जांभळ्या. हिरवीतल्या पेशी जिवंत ठेवायच्या असतात. त्या तीन दिवस वाढवतात, विभागताना मधेच थांबवतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांच्या जोड्या लावतात. जांभळीतून फक्त डीएनए काढतात. दोन्हींचे मिळून अकरा हजार रुपये. सरकारी नोकराला त्याचं बिल कुठल्या रकान्यात घालावं हे विचारायचीही लाज वाटली, घातलं नाही.

महिन्याभरानं पहिला रिपोर्ट आला: ४६, एक्सवाय. नॉर्मल पुरुष. मी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला, कुणाला दाखवायचा असल्यासारखा. दुसरा आठवड्यानं आला. तो सहा ओळींचा तक्ता होता, वाय गुणसूत्रावरच्या सहा खुणांचा. एसवाय ८४, आहे. एसवाय ८६, आहे. १२७, आहे. १३४, आहे. एसवाय २५४, नाही. एसवाय २५५, नाही.

जनुकीय सल्ला देणाऱ्या बाईंची वेळ मिळाली त्या दिवशी बाहेर माझ्या शेजारी एक उंच, लांब हातांचा शिक्षक बसला होता. तासभर दोघंही मोबाइलकडे बघत होतो. शेवटी तोच म्हणाला, "माझ्याकडे एक एक्स जास्तीचा निघालाय. तुमचं काय?" मी म्हटलं, "आमच्यात कमी भरलं." आम्ही दोघं इतके हसलो की काउंटरवरची मुलगी उठून बघायला लागली. त्याला क्लाइनफेल्टर होता, ४७ गुणसूत्रं, एक्सएक्सवाय. सहाशे-साडेसहाशे मुलग्यांमागे एक असा असतो म्हणे. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर क्लाइनफेल्टरांनी ही लक्षणं लिहून ठेवली, आणि त्यामागे जास्तीचा एक्स आहे हे १९५९ मध्ये एडिंबराला पॅट्रिशिया जेकब्स आणि स्ट्राँग यांना दिसलं. ही माहिती त्या मास्तरांनीच मला दिली. त्यांना चौतिसाव्या वर्षापर्यंत स्वतःबद्दल यातलं काही माहीत नव्हतं.

आत बाईंनी समजावायला सुरुवात केली आणि मला वाटलं, हे तर आपल्या खात्याचं काम आहे.

मी भूमी अभिलेख कार्यालयात आहे. नोकरीची पहिली पाच वर्षं नक्कल विभागात गेली. जुन्या रजिस्टरातला उतारा हातानं उतरवायचा, मग एकानं अस्सल वाचायचं आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. याला आम्ही रुजवात म्हणतो. रुजवात झाली की 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शिक्का. या कामात एक चूक हमखास होते. एकाच पानावर 'सदर गटाचे उत्तरेस' हे शब्द वर एकदा आणि खाली एकदा आले की वरची ओळ उतरवून मान वर करणाऱ्याची नजर परत जाते ती खालच्या ओळीवर. मधल्या सात-आठ ओळी गेल्या. नक्कल वाचायला अगदी सलग लागते. एक शेतकरी मात्र त्या ओळींत असतो.

वाय गुणसूत्राचं नेमकं हेच. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ते सहा कोटींहून थोड्या जास्त अक्षरांचं. बाकीच्या गुणसूत्रांना जोडीदार असतो, त्याच्याशी ताडून बघता येतं. वायला त्याच्यासारखा जोडीदार नाही. रुजवात घ्यायला दुसरा माणूसच नाही म्हणा. त्याच्या लांब बाजूवर एझेडएफ नावाचा पट्टा आहे, ए, बी आणि सी असे तीन भाग, आणि तो शुक्राणू तयार होण्याशी बांधलेला आहे. त्यातला सी भाग म्हणजे तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा, कुठे सुलटा, कुठे उलटा. नक्कल होताना एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणच्या तशाच मजकुराला जुळतो आणि मधला तुकडा गळून पडतो. तक्त्यातल्या शेवटच्या दोन 'नाही'चा अर्थ हा: माझा असा ३५ लाख अक्षरांचा तुकडा गेलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली याहून मोठी मोडतोडच दिसते, म्हणून पहिल्या रिपोर्टात मी नॉर्मल.

"मग हे वडिलांकडून आलं?" मी विचारलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मनात कुठेतरी त्यांच्यावर ढकलायची तयारी होती. बाई म्हणाल्या, "त्यांना तुम्ही दोघं भाऊ झालात, कसल्याही औषधाशिवाय. त्यांची प्रत पूर्ण असणार. ही चूक बहुधा तुमच्या वेळेलाच झाली." थोरल्या भावाला दोन मुलगे आहेत. एकाच रजिस्टरातून दोन नकला निघाल्या, त्यातली एक अशी.

त्या रात्री लॉजवर मी मोबाइलवर वाचत बसलो. वायचा हा भाग गेला की शुक्राणू जातात ही शंका १९७६ मध्ये इटलीतल्या तिएपोलो आणि झुफार्दी या दोघांनी मांडली. ११७० पुरुष तपासले, त्यातल्या सहा जणांत तो भाग नव्हता. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अकराशे जण तपासायला आले तरी."

मी गप्प.

आता पुढचं गणित. ए किंवा बी भाग पूर्ण गेला असता तर डॉक्टरांनी ऑपरेशन करायला सरळ नकार दिला असता, कारण त्यात शुक्राणू सापडत नाहीत. फक्त सी गेला असेल तर साधारण निम्म्या पुरुषांच्या वृषणात कुठेतरी थोडे तयार होत असतात. ते शोधून काढता येतात. म्हणजे ती अकरा हजारांची तपासणी नुसती कुतूहलापोटी नव्हती, पुढे चिरायचं की नाही हे तिच्यावर ठरतं. आणि एक अट होती. मुलगी झाली तर तिच्याकडे माझं वाय जाणारच नाही, विषय संपला. मुलगा झाला तर हाच तुटका वाय त्याच्याकडे जाणार. शंभर टक्के. बाकी तो धडधाकट असेल, पण तिशीत तोही याच बाकावर.

बाईंच्या खोलीत भिंतीवर पाटी होती, प्रत्येक दवाखान्यात असते तीच: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. लग्नापासून आमच्या घरात 'मुलगा' हा शब्द देव्हाऱ्यातल्या समईसारखा तेवत ठेवलेला. त्या पाटीखाली बसून मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हटलं, मुलगी होऊ दे.

आईला सांगितलं ते स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत असताना. दोष माझ्यात आहे, हिच्यात काही नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, "असलं बाहेर बोलू नको." भाकरी फुगली तशी तिनं ती काढून हिच्या ताटात वाढली. आधी माझ्या ताटात जायची. एवढाच बदल, पण तो टिकला. पाहुण्यांत मात्र पुढची दोन वर्षं हिलाच औषधं सुचवली जात होती, आणि आई ऐकून घेत होती. एका बारशाला कुणीतरी हिला पाळण्यापासून बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा मी मांडवात उभा राहून जे काही सांगायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्यानंतर औषधं मला सुचवायला लागले. जवस, अश्वगंधा, उंबराची साल. गळालेली अक्षरं उंबराच्या सालीनं परत येत नाहीत, हे कुणाकुणाला सांगणार.

खर्च पावणेतीन लाख सांगितला होता. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं मार्च २०२० मध्ये, आणि त्याच महिन्यात देश बंद झाला. ते दीड वर्ष सोडून देतो.

ऑपरेशन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं. हिची अंडी आणि माझे शुक्राणू एकाच वेळी हाताशी यावेत म्हणून तिला दहा दिवस रोज पोटात इंजेक्शनं. आदल्या दिवशी संमतीचे कागद आले. एका ठिकाणी दोन चौकोन होते. शुक्राणू न मिळाल्यास: दात्याचे शुक्राणू वापरावेत, किंवा अंडी गोठवून ठेवावीत. ही लगेच म्हणाली, "माझं पहिल्याला काही म्हणणं नाही. मूल आपलंच." तिला ते खरंच सोपं होतं. मला नव्हतं. का नव्हतं ते मी रात्रभर शोधलं आणि जे सापडलं ते फार चांगलं नव्हतं: मला मूल हवं होतं त्याहून रिपोर्ट खोटा ठरायला हवा होता. पेन हिच्या हातात दिलं. तिनं माझ्याकडे बघून दुसऱ्या चौकोनात खूण केली. "आत्ता हे. नंतरचं नंतर."

या शस्त्रक्रियेला मायक्रो टेसे म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टर श्लेगेलांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती पुढे आणली. पूर्ण भूल देऊन वृषण उघडतात आणि सूक्ष्मदर्शकातून आतल्या केसासारख्या नलिका धुंडाळतात. बहुतेक नलिका बारीक, कोरड्या. त्यांत एखादी जाड, पांढरट दिसली की तेवढीच चिमट्यानं उचलून शेजारच्या प्रयोगशाळेत द्यायची. तिथली मुलगी ती सोडवून बघणार आणि खिडकीतून सांगणार. उजवीकडे दोन तास गेले, काही नाही. डावीकडे दीड तासानं खिडकीतून आवाज आला. मला हे नंतर कळलं. जाग आली तेव्हा डॉक्टर वाकून म्हणत होते, "सतरा." मला वाटलं बेड नंबर.

दीड कोटींच्या जागी सतरा. त्यांतले सहा हलणारे. हिची नऊ अंडी निघाली, सात पक्व. पक्व अंड्यात एकेक शुक्राणू सुईनं सोडतात, त्याला इक्सी म्हणतात. ही पद्धत १९९२ पासून आहे, त्याआधी माझ्यासारख्याला सतराचा काहीच उपयोग नव्हता. चार अंडी फळली. पाचव्या दिवसापर्यंत दोन टिकली. ती गोठवली.

मला पंधरा दिवस पाय फाकून चालावं लागलं. ऑफिसात हर्निया सांगितला.

पहिला गर्भ फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडला. चौदाव्या दिवशी रक्ततपासणी, आकडा दोनच्या खाली. त्या दिवशी आम्ही परत येताना कुठेही थांबलो नाही. दुसरा ऑगस्टमध्ये. त्या वेळी थांबलो, कराडच्या अलीकडे, आणि हिनं उसाचा रस मागितला, बर्फ न घालता.

मे २०२३ मध्ये मुलगा झाला.

त्याची तपासणी करायची का, हे विचारायला पुन्हा त्या बाईंकडे गेलो. म्हणाल्या, करून काय कळणार? तुकडा नसणारच. अठरा-वीसचा झाला की समजावून सांगा, तेव्हा त्याची साधी वीर्यतपासणी करा. सी गेलेल्या काही जणांत तरुणपणी थोडेफार शुक्राणू असतात, वयानुसार ते कमी होत जातात. सापडले तर तेव्हाच गोठवून ठेवता येतील. चिठ्ठीवर त्यांनी तसं लिहून दिलं. ती चिठ्ठी आणि सहा ओळींचा तक्ता मी लोखंडी कपाटात शेताच्या कागदांबरोबर ठेवलाय. हा शर्ट धुण्यात जाणार नाही.

पण ते नंतरचं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आईनं पेढे वाटून झाल्यावर बाळाला मांडीवर घेतलं, दिव्याखाली धरलं, नाक बघितलं, कान बघितले, लंगोट सारून तेही बघितलं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकवलं, "अगदी बापावर गेलाय, बघा. काही म्हणजे काही सोडलं नाही."

ही उशीला टेकून पडली होती. टाके दुखत होते, तरी तिला हसू आवरेना. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अस्सल बरहुकूम नक्कल."